बेसचे पिकअप बदलणं: रुपयातला शेवटचा एक आणा

चारतारी

गणपती ते दिवाळी आमच्या वाद्यवृंदाची सुगी. तालमीला चहा आला की बेस गिटारवाल्यांचा विषय ठरलेला: पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा, तारांखालचा चुंबक आणि कॉइलचा संच) कुठले टाकू? अठरा-वीस हजारांचा जॅझ बेस (फेंडर कंपनीच्या त्या नावाच्या मॉडेलच्या घाटाचा) घ्यायचा, वर्षाच्या आत त्यात नऊ-दहा हजारांचे पिकअप बसवायचे, आणि मग मांडवात साउंडवाला मिक्सरवरची एक सरकपट्टी वर-खाली करून त्या सगळ्याचं पिठलं करणार. माझं मत: पिकअप हा रुपयातला शेवटचा एक आणा. आधीचे पंधरा कुणी मोजतच नाही.

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं समजू नका. मी स्वतः बदलले होते, मागच्या दसऱ्याला. अल्निको (अॅल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट) चुंबकांचा नावाजलेला संच. दोन दिवस जमिनीवर नव्हतो. काय धार, काय उठाव! मग डोक्यात प्रकाश पडला: तारा काढल्याच आहेत तर नव्या घालू, म्हणून दीड वर्षाच्या तारा त्याच दिवशी फेकल्या होत्या. नव्या पिकअपवर एक चाल रेकॉर्ड करून ठेवली होती. डिसेंबरात जुने पिकअप परत बसवले, त्याच कंपनीचा तारांचा नवा संच चढवला, आणि तीच चाल पुन्हा रेकॉर्ड केली. दोन्हींची पातळी सारखी केली, कारण दोनातलं जे मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. काय आहे ते न सांगता पाच जणांना ऐकवलं. दोघांनी जुने पसंत केले, एकाने नवे, उरलेल्या दोघांनी विचारलं, फरक कुठाय? नवे पिकअप तेव्हापासून बिस्किटाच्या डब्यात आहेत.

म्हणून पाकीट काढायच्या आधी स्क्रूड्रायव्हर काढा. तार शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) दाबून धरायची आणि तारेच्या पोटापासून पिकअपच्या खांबाच्या, म्हणजे तारेखालच्या धातूच्या गोल ठोकळ्याच्या, माथ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. सर्वांत जाड ई तारेखाली तीन मिलिमीटरच्या आसपास, सर्वांत बारीक जी खाली दोन-अडीच. आमच्याकडचा एक पोरगा 'ई दबते, पिकअप बदलायला झालेत' म्हणून बेस घेऊन आला. त्याच्या ई खाली सहा मिलिमीटर अंतर होतं, जी खाली दीड! स्क्रू फिरवून पिकअपची उंची बदलली, दहा मिनिटांचं काम, तेही फुकट. पण हौसेने फार वरही चढवू नका. चुंबक तारेला ओढून धरतो, बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर डुगडुगतो, आणि जोरात वाजवलं की तार खांबावर आपटते.

आणि जेम्स जेमर्सन आठवा. साठच्या दशकातला मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेस म्हणजे हा माणूस. १९६२ चा प्रिसिजन (फेंडरचंच दुसरं बेस मॉडेल), पिकअप जसा आला तसा, ब्रिजच्या (घोडीच्या) झाकणाखाली स्पंज, तुटेपर्यंत न बदललेल्या फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्यांच्या) तारा आणि उजव्या हाताचं एक बोट. बोला.

घरघर

बोलतो. तुम्ही फक्त सूर बदलला का, हे तपासलंत. मी सुरासाठी बदललेच नव्हते.

जॅझ बेसला एकेका कॉइलचे (तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचे) दोन पिकअप. दुसरा उलटा गुंडाळलेला, त्याचा चुंबकही उलटा, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की एकाची घरघर दुसरा खाऊन टाकतो. पण मला मागचा पिकअप एकटा लागतो. पुढचा जरा कमी केला की झाली सुरू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ई तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे प्रत्येक गाण्यामागे कुणीतरी किंचित चढा जी धरून बसलंय. तानपुरा, पण बेसूर.

'आत तांब्याची पट्टी लाव' हा सल्ला मला अकरा जणांनी दिला. लावली, सगळी पोकळी मढवली. तारांना हात लावल्यावर कमी होणारी चरचर होती, ती गेली. पण बेस घेऊन जागच्या जागी फिरलो की कमी-जास्त होणारी जी घरघर, ती तशीच राहिली. ती ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची. तांब्याचा पातळ पत्रा तिला अडवत नाही, तिला दुसरी कॉइलच लागते. प्रिसिजनचंच बघा ना. १९५१ च्या प्रिसिजनला एकच कॉइल होती. १९५७ मध्ये पिकअपचे दोन तुकडे झाले, एक ई-ए खाली, दुसरा डी-जी खाली, एकमेकांच्या उलटे. म्हणून तुमचा जेमर्सन गप्प उभा राहू शकत होता. मी जॅझच्याच मापाचा, पण प्रत्येकात दोन कॉइल असलेला संच घातला. हे काम कुठल्या स्क्रूड्रायव्हरने होतं तेवढं सांगा.

रात्रपाळी

रेकॉर्डिंग माझा धंदा आहे. चारतारींशी पूर्ण सहमत, घरघर यांच्याशी अर्धा.

मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. लोक गाणं ऐकतात मोबाइलवर, त्याच्या स्पीकरमधून ४१ बाहेरच पडत नाही. त्या सुरात मिसळलेल्या वरच्या कंपनांवरून कान तो खालचा सूर स्वतःच भरून काढतो. म्हणजे बेस ओळखू येतो तो मधल्या पट्ट्यात, आणि तो पट्टा मी ढोलकी, गिटार आणि गायकाच्या आवाजाला जागा करून देत सोलत असतो. तुमच्या दहा हजारांतले किती उरत असतील, तुम्हीच हिशोब करा. पण घरघर खरी डोकेदुखी. ५० हर्ट्झ कापायला जावं तर जी सुद्धा हाताला लागतो. जोरकस गाण्यात खपून जाते. बासरीच्या एकट्या तुकड्याच्या मागे मात्र उघडी पडते, आणि मग रात्री दोनला मी बेसवाल्याच्या नावाने बोटं मोडतो.

सोल्डरची वाफ

जेमर्सनचं उदाहरण नेहमी अर्धवट देतात. 'जसा आला तसा', कबूल. पण आला कुठून? फेंडरच्या कारखान्यातून, प्रत्येक खांब अल्निको चुंबकाचा. तुमचे अठरा हजारी पिकअप मी उघडत असतो. पुष्कळदा खांब नुसत्या लोखंडाचे आणि बुडाला सिरॅमिक चुंबकाची एक पट्टी चिकटवलेली. सिरॅमिक म्हणजे टाकाऊ असं नाही, चांगले सिरॅमिक पिकअपही असतात. पण स्वस्तातल्यांची कॉइल मेणात नीट बुडवलेली नसते. आवाज वाढवा आणि पिकअपवर नखाने टिचकी मारा. अँपमधून टकटक मोठ्याने आली तर आतले वेढे सुटे आहेत. मोठ्या स्टेजवर तोच पिकअप शिट्टी मारतो. तिथे उंचीचा स्क्रू कितीही फिरवा.

चारतारींना एक मुद्दा मात्र देतो. पिकअप बदलताना लोक जुनी खरखरीत पॉट (बटणाखालचा फिरता रोध) काढून २५० के (किलोओम) ची नवी घालतात, टोनला ०.०४७ मायक्रोफॅराडचा चांगला कपॅसिटर घालतात, सॉकेट बदलतात, आणि श्रेय सगळं पिकअपला. तसंच 'हा अकरा किलोओमचा, जास्त दणकट' हे. मल्टिमीटरवरचा आकडा तांब्याच्या तारेचा रोध सांगतो. तार बारीक वापरली तरी तो वाढतो. त्यावरून आवाज ठरवणं म्हणजे वजनावरून आंब्याची गोडी ठरवणं.

आता एक फजिती. एकाने फक्त मागचा पिकअप बदलून आणला, दुसऱ्या कंपनीचा. एकेकटा वाजवला तर दोन्ही झकास. दोन्ही एकत्र उघडले की बेस गायब, पत्र्याच्या डब्यासारखा आवाज. दोघे एकमेकांच्या उलट जात होते. मी नव्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, सूर भरला, गिऱ्हाईक खूश. आठवड्याने परत. आता दोन्ही उघडे असले तरी घरघर! होकायंत्र लावून पाहिलं तर दोन्हींच्या चुंबकांचं तोंड एकाच दिशेला. म्हणजे वायरी उलटण्याआधी घरघर कटत होती आणि सूरही कटत होता. आता दोन्ही वाढत होते. त्यामुळे जॅझला जोडीच घ्या. आणि मापही बघा: फेंडरच्या मापात मागचा पिकअप पुढच्यापेक्षा जरा लांब असतो, काही स्वस्त बेसला दोन्ही सारखे असतात. खाच कोरत बसायची वेळ आली की दहा हजारांचे बारा होतात.

मडगावकर

एवढा काथ्याकूट कशाला? अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारे, पिकअप घाला. आम्ही लग्नांत वाजवतो. जनरेटरची वीज, दिव्यांचे डिमर, मिक्सर पार त्या टोकाला. साध्या पिकअपचा आवाज लांब केबलमध्येच मंद होतो, वरची धार मरते. पिकअपच्या आतच प्रीअँप (आवाजाला आधीच जोर देणारं छोटं सर्किट) असला की केबल कितीही लांब चालते आणि घरघरही जवळजवळ नाही. पॉट मात्र २५ के ची घालायची, जुन्या २५० वर व्हॉल्यूम बटणासारखा चालतो, एकदम बंद नाहीतर एकदम चालू.

नऊ व्होल्टची बॅटरी लागते तेवढं खरं. केबलचा जॅक बेसमध्ये राहिला तर बॅटरी उतरत राहते. एकदा रात्रभर राहिला. दुसऱ्या दिवशी नवरा-नवरीच्या पहिल्याच नाचाला बेस आधी फाटका झाला, मग गेला. ड्रमरने निभावून नेलं. तेव्हापासून खिशात सुटी बॅटरी ठेवतो.

चारतारी

घरघर, तुमचं मान्य. पण ते आजारावरचं औषध झालं, मी टॉनिकबद्दल बोलतोय. सुट्या वेढ्यांचा पिकअपही मान्य, खराब भाग बदलायचाच. मडगावकर, तुमची बॅटरीची गोष्ट माझ्याच बाजूने जाते असं मला वाटतं. :)

ज्याचा बेस गप्प आहे, टिचकीला टकटकत नाही, सूर धरतो, तो माणूस दहा हजार नेमके कशासाठी घालतोय? याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मंद्र

मी देतो. तुमचे पाच परीक्षक ऐकणारे होते, वाजवणारा एकही नव्हता. हलक्या हाताने वाजवलेला सूर बोलतो की गिळला जातो, हे बोटांना कळतं, आणि बोटांना कळलं की माणूस वेगळं वाजवायला लागतो. माझं तसं झालं. नव्या पिकअपवर मी कमी जोर लावतो, रात्रीअखेर मनगट दुखत नाही. पातळी सारखी करून ऐकवलेल्या चार ओळींत हे येणारच नाही. तानपुरा घेऊन माणूस जवारीसाठी (तारेचा झंकार जुळवून घ्यायला) मिरजेला जातो तो काय श्रोत्यांचं मतदान घेऊन?

चारतारी

वा, जवारीचं उदाहरण तुम्हीच दिलंत! मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासतो आणि तारेखाली दोरा सरकवतो. भोपळा बदलत नाही. तेच तर मी म्हणतोय.

मंद्र

जवारी नीट लागेना तर तोच कारागीर घोडी बदलायला सांगतो. तुमच्या स्क्रूड्रायव्हरची हद्द कुठे संपते तेवढं ठरवा.

सोल्डरची वाफ

तुमचं चालू द्या. चारतारी, तो बिस्किटाचा डबा विकायचाय का? एक गिऱ्हाईक आहे, निम्म्या किमतीला घेईल.

चारतारी

विकायचा नाही. मार्चमध्ये कार्यक्रम कमी असतात, तेव्हा एकदा परत बसवून बघणार आहे. या वेळी जुन्या तारांवर.