‘पायडल मारा, गोळी सोडा’वाल्यांनो, जरा दमानं

तापीकाठ (जळगाव)
मागच्या आठवड्यात ‘पहाटफेरी’ यांनी लिहिलं की चाळिशी-पन्नाशीतल्या प्रत्येकानं सायकल घ्यावी, शुगरची गोळी आपोआप सुटते, आणि वेळ नाही म्हणणारे सगळे बहाणेबाज. दोनदा वाचून सोडून दिलं होतं. काल कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकलं आणि बायकोनं माझ्याकडे बघितलं, म्हणून हे लिहितोय.

मी ४६व्या वर्षी सायकल घेतली. दुकानदारानं सीट इतकी खाली बसवली की दोन्ही पाय जमिनीला टेकत. ‘साहेब, पडणार नाही.’ पडलो नाही, पण दोन महिन्यांत जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीत कळ यायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रेच्या आधी विचारलं, सीट किती उंच? पायडल सगळ्यात खाली, त्यावर टाच, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं चालवलं की गुडघ्यात जेमतेम बाक राहतो. एवढी एक ओळ तुमच्या दीड हात पोस्टमध्ये नव्हती. फोटो मात्र सात, सातही गॉगल लावून.

आणि मे महिन्यात पारा ४५ला जाणाऱ्या गावात, जिथे हायवेच्या समांतर रस्त्यांसाठी लोकांना आंदोलनं करावी लागली, तिथे ट्रकच्या मागून सायकल न काढणारा बहाणेबाज?

पहाटफेरी
बरं, ‘बहाणेबाज’ मागे घेतो. अर्धा. ट्रक हायवेला असतात, मेहरूण तलावाला पहाटे साडेपाचला कुठला ट्रक येतो भाऊ? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तेवढा वेळ आपण मोबाईलवर घालवतोच, आत्ताही घालवतोय. माझी गोळी सुटली हे खरं आहे. रिपोर्ट टाकू?

नकाणेवाला (धुळे)
रिपोर्ट नका टाकू. तुमची सुटली म्हणून माझ्या मेव्हण्यानं स्वतःची सोडली नाही, पण उलटा घोळ घातला. गोळी घेऊन उपाशीपोटी नकाणे तलावाच्या रस्त्याला लागला. अर्ध्या वाटेत दरदरून घाम, हातपाय थरथर. टपरीवाल्यानं साखर चारली म्हणून निभावलं. काही गोळ्यांवर व्यायामानं शुगर एकदम खाली जाते. डोस डॉक्टरांनी कमी करायचा असतो, पायडलनं नाही.

दूधवाल्याचा पोरगा (अमळनेर)
काय चालनं भो हाई? माझ्या बापानं २८ वर्षं दोन कॅन लावून दूध घातलं. ऊन, पाऊस, समोरचा वारा, सगळ्यात. त्याला कुणी मेडल दिलं नाही. उलट माझ्या साखरपुड्यात व्याह्यांनी विचारलं, अजून सायकलच का? आता तीच सायकल तीस हजाराची झाली की ‘फिटनेस’. मी घेतली तर म्हातारा हसेल. घेणार नाही.

पहाटफेरी
तीस हजाराची घ्या असं मी कुठे म्हटलं? साधी घ्या. वडिलांचीच काढा, ओव्हरहॉलिंग करून.

दूधवाल्याचा पोरगा
ती भंगारात गेली. मीच विकली.

बामणोदची लेक
मी ५२व्या वर्षी शिकले. शिकले म्हणजे, पहिल्यांदा. लहानपणी भावांना मिळाली, मला नाही. पंजाबी ड्रेसची ओढणी चेनमध्ये गेली, दोनदा पडले, गल्लीतल्या बायकांनी गॅलरीतून बघितलं. त्या दिवसांत कुणी पाठीवर हात ठेवला असता तर बरं झालं असतं, म्हणून पहाटफेरींचा उत्साह मला चालतो. मात्र एक सांगते. सायकलनं हाडांवर भार पडत नाही. आमच्या वयाच्या बायकांनी चालणं आणि थोडं वजन उचलणं सोडू नये, नाहीतर दमसास वाढतो आणि हाडं राहतात तशीच.

तापीकाठ
ताई, हे खरं बोललात. आणि ह्यांचा रविवारचा ग्रुप आसोद्याला भरीत खायला जातो, ते पोस्टमध्ये नव्हतं. वर तेलाचा तवंग, सोबत पुऱ्या. जाळलं किती, चापलं किती?

पहाटफेरी
हिवाळ्यात एखादवेळी. आसोद्याचं वांगं आहे, पाप नाही.

बामणोदची लेक
आसोद्याचं? भरताचं वांगं बामणोदचं. बाकी सगळी वांगी.

तापीकाठ
ताई, इथे मी तुमच्या विरुद्ध. आसोदा.

नकाणेवाला
आमच्याकडे घरी गॅसवर भाजतात, चांगलं लागतं.

बामणोदची लेक
गॅसवर?! काड्यांच्या जाळावर भाजायचं, लाकडाच्या बडगीत ठेचायचं. गॅसवर भाजलेल्याला भरीत म्हणू नका. आणि ज्यांनी बामणोदचं वांगं हातात धरलं नाही त्यांनी मध्ये बोलू नये.

नकाणेवाला
म्हणजे धुळेकरांनी भरीतही विचारून खायचं? राहू द्या.

दूधवाल्याचा पोरगा
मूळ विषय सीटचा होता.

पहाटफेरी
तापीकाठ, काल टाच ठेवून बघितली. माझी सीट तीन बोटं खाली निघाली. दोन वर्षं तशीच चालवली. आता बोला.

तापीकाठ
बोलत नाही. गुडघा दुखतो का?

पहाटफेरी
डावा. थोडा.