चिनी भाषा शिकायची आहे : मराठी माणसाने सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : अंबडची खरेदी

नमस्कार. मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते. आमच्या इंजेक्शन मोल्डिंग यंत्रांचे सुटे भाग आणि काही साचे चीनमधील निंगबो आणि ग्वांगचौ येथील पुरवठादारांकडून येतात. पत्रव्यवहार इंग्रजीत होतो. परंतु इंग्रजी त्यांचेही परके आणि आमचेही, त्यामुळे पोलादाची प्रत, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किंवा माल रवाना होण्याची तारीख यांवर बोलणे आले की दोन्ही बाजू सावध, तुटक वाक्यांत बोलू लागतात आणि मूळ अडचण काय आहे ते कोणालाच नीट कळत नाही. समोरचा ‘होय’ म्हणतो तेव्हा त्याने मागणी मान्य केली की केवळ ऐकून घेतले, हेही मला पुष्कळदा उमगत नाही.

म्हणून चिनी भाषा शिकण्याचा विचार आहे. मला दुभाषी व्हायचे नाही; पण दूरध्वनीवर साधे बोलता यावे, दरपत्रक वाचता यावे आणि त्या लोकांची रीत समजावी एवढी अपेक्षा आहे. महाजालावरील बहुतेक धडे इंग्रजी भाषकांसाठी तयार केलेले आहेत. त्यांत सुरांचा आणि अक्षरांचा एवढा बाऊ केलेला असतो की पहिल्याच आठवड्यात धीर सुटावा. मराठी भाषकाला ही भाषा खरोखरच तेवढी अवघड जाते का? अक्षरे शिकावीत की रोमन लिपीतील पिनयिनवर भागेल? आणि संस्कृती समजून घेण्यासाठी पुस्तके वाचावीत की ती भाषेबरोबर आपोआप कळत जाते? ज्यांनी हा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : गंगापूर रोडचा दुभाषी

मी दिल्लीत चिनी भाषा शिकलो आणि आता भाषांतराचे काम करतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की चिनी भाषा इंग्रजीच्या वाटेने शिकू नये. मराठीतून थेट शिकावी. पिनयिन ही रोमन लेखनपद्धती चीनने १९५८ साली स्वीकारली, आणि तिच्यातील अक्षरांना आपण इंग्रजी उच्चार चिकटवतो तिथेच निम्मा घोटाळा होतो.

पिनयिनमधील ‘बी’ हे अक्षर म्हणजे आपला ब नव्हे, प आहे. आणि ‘पी’ म्हणजे महाप्राण फ, तोही ओठ पूर्ण मिटून उच्चारलेला जुन्या वळणाचा. त्याच न्यायाने ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ, ‘जी’ म्हणजे क आणि ‘के’ म्हणजे ख. चिनी भाषेत ब आणि प यांच्यासारखा घोष आणि अघोष असा भेद नाही. भेद आहे तो अल्पप्राण आणि महाप्राण यांचा, म्हणजे प आणि फ यांच्यासारखा. इंग्रजी भाषकाला तो महिनोन्‌महिने ऐकू येत नाही, आपण मात्र तो बाराखडीबरोबरच शिकलेलो असतो. वर्तमानपत्रांत आपण बीजिंग लिहितो; तिथला माणूस जे म्हणतो ते ‘पेइचिङ’च्या जवळचे आहे.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे मराठीत दोन च आहेत. ‘चिमणी’मधला तालव्य च म्हणजे पिनयिनमधील ‘जे’, आणि ‘चमचा’मधला दंत्य च म्हणजे पिनयिनमधील ‘झेड’. हिंदी भाषकाला हा दुसरा उच्चार मुद्दाम शिकावा लागतो. उरला ‘झेडएच’, त्यासाठी च म्हणताना जीभ ट-ठ उच्चारताना वळते तशी मागे वळवावी. श आणि ष यांतील फरकही तिथे जिवंत आहे : ‘एक्स’ म्हणजे तालव्य श आणि ‘एसएच’ म्हणजे मूर्धन्य ष. हा ष आपण शाळेत लिहायला शिकतो आणि बोलताना टाकून देतो, तो इथे परत कामी येईल. आपल्याकडे खरोखर नसलेले उच्चार थोडेच आहेत. एक म्हणजे दंत्य च महाप्राण करून येणारा ‘सी’, दुसरा म्हणजे ओठांचा चंबू करून म्हटलेला ई.

सुरांचा प्रश्न मात्र खरा आहे, तिथे मराठीची मदत होत नाही. चार सूर आहेत : उंच व सपाट, चढता, खालचा आणि उतरता, शिवाय एक हलका, आघातहीन. सूर सोडून दिले तर चिनी भाषेत साधारण चारशेच निरनिराळी अक्षरोच्चारणे उरतात, म्हणून सूर हा शब्दाचा भागच मानावा, वरून चढवलेला अलंकार नव्हे. धड्यांत तिसरा सूर खाली जाऊन पुन्हा वर येणारा दाखवतात. प्रत्यक्ष बोलण्यात तो बहुधा नुसता खालीच राहतो, आणि दोन तिसरे सूर लागोपाठ आले की पहिला चढता होतो. ‘नी हाओ’ या अगदी पहिल्या अभिवादनातच हा नियम लागतो. एकेका शब्दाचे सूर घोकण्याऐवजी दोन-दोन शब्दांच्या जोड्या म्हणाव्यात, कारण संभाषणात सूर जोडीनेच येतात.

व्याकरण तर आपल्याला परिचितच वाटेल. प्रश्न करायचा तर वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावायचा, जसे आपण ‘का’ लावतो. ‘काल आलेला माल’ या रचनेप्रमाणेच तिथेही सगळे विशेषण-वाक्य नामाच्या आधी येते. काळ आणि स्थळ क्रियापदापूर्वी येतात. कर्म मात्र क्रियापदानंतर येते, एवढे लक्षात ठेवावे. संख्या आणि नाम यांच्यामध्ये मापवाचक शब्द सक्तीचा असतो. ‘चार जण’, ‘पाच नग’ असे आपण काही ठिकाणीच म्हणतो, त्यांना प्रत्येक ठिकाणी म्हणावे लागते, आणि कागदासाठी, पुस्तकासाठी, लांबट वस्तूसाठी निरनिराळे शब्द असतात. आणखी एक सुखद योगायोग असा, की ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा आपला भेद उत्तर चीनच्या बोलीत ‘चान्मन’ आणि ‘वोमन’ या रूपांत आहे. वाटाघाटीत कोणता शब्द वापरला गेला याकडे कान ठेवावा.

उत्तर २ : सातपूरचा कारखानदार

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु व्यवसायापुरते बोलायचे तर मी अक्षरांच्या मागे लागू नका असे सांगेन. मी ग्वांगचौच्या व्यापार मेळ्याला जाऊन आलो आहे. १९५७ पासून हा मेळा भरतो आणि वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात असतो. तिथे आकडे, किंमत, ‘महाग आहे’, ‘नमुना पाहिजे’ एवढ्यावर माझे काम झाले. लेखी मजकुराला आता भाषांतराची साधने आहेत. आकड्यांचा सराव मात्र अवश्य करावा, कारण त्यांची मोजणी ‘वान’ म्हणजे दहा हजार या एककाने चालते. एक लाख म्हणजे ‘दहा वान’ आणि एक कोटी म्हणजे ‘हजार वान’. घाईत एक शून्य इकडचे तिकडे झाले की व्यवहार बिघडतो.

त्याहून महत्त्वाची बाब सुट्यांची आहे. वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आसपास कारखाने पंधरा दिवस ते महिनाभर बंद राहतात, कारण कामगार दूरच्या गावी जातात आणि त्यांतील काही परत येतच नाहीत. २०२७ साली चिनी नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे. म्हणजे न्हावाशेवाला फेब्रुवारीत माल हवा असेल तर डिसेंबरच्या अखेरीस तो तयार होईल अशी बोलणी करावी लागतील. ऑक्टोबरचा पहिला आठवडाही राष्ट्रीय सुटीचा असतो.

अंबडची खरेदी

दोघांचेही आभार. तथापि अक्षरांच्या बाबतीत मला शंका राहते. पुरवठादाराच्या आराखड्यावरील टिपा, खोक्यांवरील खुणा, यंत्राच्या पॅनेलवरील बटणे हे सगळे चिनी अक्षरांत असते. प्रत्येक वेळी फोनचा कॅमेरा रोखून वाचायचे का? भाषांतराच्या साधनाने एकदा एका आराखड्यातील टीप अशी काही उलगडली की त्यातून कोणालाच अर्थबोध झाला नाही.

उत्तर ३ : गंगापूर रोडचा दुभाषी

सातपूरच्या मित्रांशी मी इथे सहमत नाही. अक्षरे टाळणारा माणूस काही काळ वेगाने पुढे जातो आणि मग अडतो, कारण एकाच उच्चाराचे इतके शब्द आहेत की पिनयिनमध्ये ते डोळ्यांना वेगळे दिसतच नाहीत.

शिवाय अक्षरे म्हणजे हजारो सुटी चित्रे हा समज चुकीचा आहे. पाचांतील चारांहून अधिक अक्षरे दोन भागांची बनलेली असतात : एक भाग अर्थाची दिशा दाखवतो आणि दुसरा उच्चाराची. ‘छिङ’ असा उच्चार सुचवणारा एक घटक घ्यावा. त्याला पाण्याची खूण जोडली की ‘निर्मळ’, सूर्याची जोडली की ‘निरभ्र’, वाणीची जोडली की ‘विनंती करणे’, हृदयाची जोडली की ‘भावना’. चारही उच्चार ‘छिङ’च, केवळ सूर बदलतात. शू शन याने इसवी सनाच्या १०० च्या सुमारास सिद्ध केलेल्या कोशात ५४० शीर्षघटक, म्हणजे अक्षरांची वर्गवारी करणाऱ्या अशा खुणा, आहेत, आणि १७१६ च्या खांगशी कोशात त्या २१४ आहेत. आपल्याला त्यांतील शंभरएक ओळखता आले तरी नवे अक्षर परके वाटत नाही. धातूची खूण तर आपल्या दरपत्रकात पदोपदी दिसेल : पोलाद, तांबे, ॲल्युमिनियम, जस्त या सर्वांच्या अक्षरांत तीच डावीकडे असते.

किती अक्षरे शिकावीत? २०१३ च्या सरकारी तक्त्यात ८१०५ अक्षरे आहेत, त्यांतील ३५०० नित्य वापराच्या गटात मोडतात. आपल्या कामाला याच्या निम्मीही लागणार नाहीत. आपल्याच आराखड्यांतून आणि खोक्यांवरून अक्षरे उचलून सुरुवात करावी, पाठ्यपुस्तकातील ‘हत्ती’ आणि ‘ग्रंथालय’ यांना थांबता येईल. हाताने लिहिण्याचा हट्ट फार नको. ओळखता येणे आणि फोनवर पिनयिनने उमटवता येणे पुरेसे आहे. चीनच्या मुख्य भूमीवर १९५६ पासून सुलभ केलेली अक्षरे चालतात, हाँगकाँग आणि तैवानमध्ये जुनी. आपण सुलभ घ्यावीत.

उत्तर ४ : पंचवटीतील इतिहासाची शिक्षिका

तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. ‘भेटपत्र दोन्ही हातांनी द्यावे’, ‘पेला लावताना ज्येष्ठाच्या पेल्यापेक्षा आपला पेला किंचित खाली धरावा’ अशा सूचना उपयोगी असल्या तरी त्या संस्कृतीच्या उंबरठ्यापाशीच थांबतात. आत जायला नाती आणि पंचांग या दोन वाटा मराठी माणसाला फार जवळच्या आहेत.

मामा, आत्या, मावशी यांना त्यांच्याकडेही स्वतंत्र नावे आहेत. एवढेच नव्हे, तर वडिलांचा थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांनाही वेगळी संबोधने आहेत. चुलत भावंडे एका वर्गात आणि आते, मामे, मावस ही सगळी दुसऱ्या वर्गात जातात, कारण पहिल्या वर्गाचे आडनाव एक असते. वयाचा आणि कुळाचा हा हिशेब कारखान्यातही चालतो. पुरवठादाराला नुसत्या नावाने हाक मारू नये. आडनावापुढे पद लावावे, जसे ‘वांग चिङली’ म्हणजे व्यवस्थापक वांग. पत्ता लिहितानाही प्रांत, शहर, रस्ता, घर आणि शेवटी माणूस असा क्रम असतो. मोठ्याकडून लहानाकडे येण्याची ही सवय एकदा लक्षात आली की त्यांच्या पत्रांची मांडणी खटकत नाही. कामाची मागणी पत्राच्या शेवटी येते, म्हणून शेवटचा परिच्छेद आधी वाचावा, असे मी तरी म्हणेन.

पंचांग त्यांचेही चांद्र-सौर आहे आणि त्यालाही अधिक महिना येतो. त्यामुळे त्यांचे नववर्ष आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमारास पडते, आणि शरदातला चंद्रपूजनाचा सण भाद्रपद किंवा आश्विन पौर्णिमेच्या आसपास. २०२५ साली तो आणि आपली कोजागरी एकाच दिवशी, ६ ऑक्टोबरला आली होती. शुभेच्छा पाठवण्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

वाचनाबद्दल विचारले आहे, तर आपल्याविषयी त्यांनी काय लिहिले तिथून आरंभ करावा. ह्युएन त्सांग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला तेव्हा पुलकेशी दुसरा राज्य करत होता. इथली माणसे उपकार विसरत नाहीत, अपमानाचा सूड घेतात, पण त्याआधी शत्रूला सूचना देतात, असे त्याने ६४६ साली पूर्ण झालेल्या आपल्या वृत्तान्तात नोंदवले. त्याने वर्णिलेली राजधानी नाशिक असावी, असे मत अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी मांडले होते. पुलकेशीची राजधानी बादामी असल्यामुळे तो वादाचा विषय राहिला. मूळ चिनी अभिजात भाषेत असल्याने ते आपल्याला लगेच वाचता येणार नाही, अनुवाद उपलब्ध आहेत.

उलट दिशेचे उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. त्यांनी चिनी भाषा एवढी आत्मसात केली होती की ते त्याच भाषेत वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवत. आपण पुरवठादाराला कोटणीसांच्या प्रांतातून लिहितो असे सांगून पाहावे. जुन्या पिढीतील माणूस असेल तर ‘ख तिहुआ’ हे त्यांचे चिनी नाव त्याला ठाऊक असण्याची बरीच शक्यता आहे.

अंबडची खरेदी

फार उपयोगी माहिती मिळाली. शेवटचे दोन प्रश्न. शिकण्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागेल का? आणि त्या ‘होय’चे काय करावे?

उत्तर ५ : गंगापूर रोडचा दुभाषी

पदवीच घ्यायची असेल तर जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ किंवा १९३७ साली चीना भवन स्थापन झालेले शांतिनिकेतन असे दूरचे पर्याय आहेत. आपल्या गरजेसाठी दृक्‌श्राव्य माध्यमातून शिकवणारा एक शिक्षक पुरे, मात्र पहिले काही महिने त्याने फक्त उच्चार दुरुस्त करावेत असे ठरवून घ्यावे. आपला आवाज मुद्रित करून त्याला पाठवावा. शब्दकोशासाठी प्लेको हे ॲप सोयीचे आहे. वीचॅट या चिनी संदेश-ॲपवर आपल्याकडे जून २०२० पासून बंदी असल्यामुळे पुरवठादाराशी चिनीत गप्पा मारण्याचा सराव ईमेलवरच करावा लागेल. एचएसके ही चिनी भाषेची प्रमाणपत्र परीक्षा दिलीच पाहिजे असे नाही. जुन्या सहा पातळ्यांच्या रचनेतील तिसऱ्या पातळीचे ६०० शब्द हे पहिले उद्दिष्ट म्हणून ठीक आहे.

‘होय’बद्दल : नकार तोंडावर न देण्याची रीत आपल्याकडेही आहे, ‘बघतो, सांगतो’ म्हणणारा माणूस नाशिकमध्ये काय कमी आहे! म्हणून ‘जमेल का?’ असे विचारू नये. ‘कोणत्या तारखेला पहिला नमुना साच्यातून निघेल आणि त्याआधी आमच्याकडून काय लागेल?’ असे विचारावे. उत्तरात तारीख आणि एखादी मागणी आली तर काम सुरू झाले असे समजावे. ‘विचार करतो’ किंवा ‘जरा गैरसोयीचे आहे’ असे आले तर त्याच दिवशी दुसऱ्या पुरवठादाराकडून दरपत्रक मागवावे.