लष्करी तळावर कामाला जाऊन तिथं वारलेल्यांची नोंद कुठं असते?

खानापूरचा_भाऊ:
नमस्कार मंडळी. आमच्या चुलतअक्काचे मालक अफगाणिस्तानात बगरामला अमेरिकन तळावर मेसमध्ये कुक होते, मुंबईच्या एजंटनं दुबईच्या सबकॉन्ट्रॅक्टरकडं लावून दिलेलं. २०१९ ला तिथंच गेले. पेटी आली, थोडा हिशेब आला आणि एक कागद, त्यावर हार्ट अटॅक एवढंच. आता गावात शहीद जवानांच्या नावाची फरशी बसवालेत तर अक्का विचारालीय ह्यांचं नाव कुठं तरी असंल की ओ? फौजी नव्हते म्हणालेत, ते मान्य, पण अमेरिकेनं तरी त्यांना मोजलंय का?

गल्फरिटर्न_निपाणी:
पेंटॅगॉनच्या, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या, मृतांच्या यादीत ठेकेदाराची माणसं येत नाहीत भाऊ. त्यांचा हिशेब त्यांच्या लेबर डिपार्टमेंटकडं. डिफेन्स बेस ॲक्ट म्हणून १९४१ चा कायदा आहे, तळावर काम करणारा कुठल्या का देशाचा असेना, सबकॉन्ट्रॅक्टरचा का असेना, त्याचा विमा काढायलाच लागतो. डिपार्टमेंट कंपनीवार आणि देशवार आकडे काढतं पण ते आकडे विम्याच्या केसेसचे, म्हणजे कंपनीनं कळवलं नाही आणि घरच्यांनी क्लेम केला नाही तर माणूस त्यात धरलाच जात नाही. नावं तर नसतातच. २००४ ला इराकमध्ये १२ नेपाळी कामगार मारले, सगळ्या जगानं बघितलं, तरी त्यांच्या घरच्यांना वकील लावून भांडावं लागलं तेव्हा पैसे मंजूर झाले. म्हणून फरशीच्या आधी क्लेमचं बघा. विधवेला पगाराच्या निम्मे, पोरं असली तर दोन तृतीयांशपर्यंत. मुदत एक वर्षाची, पण कंपनीला मृत्यू माहीत असून तिनं रिपोर्टच पाठवला नसेल तर ती मुदत सुरू होत नाही, हे वकिलाला आवर्जून विचारा. अटॅक लिहिलंय म्हणून सोडू नका.

सुभेदार_रिटायर्ड:
मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. पहिल्या महायुद्धात आपली पोरं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली, बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचा नुसता आकडा. मागनं पाणी वाहणारे, खेचरं हाकणारे, हमाल, त्यांचं तर कितीकांचं काहीच नाही. कॉमनवेल्थच्या युद्धकबरी आयोगानं २०२१ ला स्वतःच्या अहवालात कबूल केलं की निदान १ लाख १६ हजार लोकांची नावं लागलीच नाहीत, त्यात बरेच आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले. शंभर वर्षांनी! फौज जेवल्याशिवाय लढत नाही, ह्या माणसाचं नाव लागायलाच पाहिजे. शहीद लिहू नका, खोटं होईल. खाली वेगळी ओळ करा, नाव, गाव, काम, बगराम, साल. संघटनेशी मी बोलतो.

खानापूरचा_भाऊ:
सुभेदार साहेब लई आभार. कागद काय काय गोळा करू?

गल्फरिटर्न_निपाणी:
लेटर ऑफ ऑथरायझेशन, म्हणजे तळावर कामाचं परवानगीपत्र, सगळ्यात आधी, त्यावर मूळ कंत्राटाचा नंबर असतो, तो मिळाला की वरची अमेरिकन कंपनी सापडते. मग तळाचा बॅज, बँकेत पगार जमा झालेल्या नोंदी, पासपोर्ट, दूतावासाचा मृत्यूदाखला. क्लेमचा फॉर्म एलएस-२६२. एजंटला ओरिजिनल काही देऊ नका, झेरॉक्सच द्या.