प्रतिसाद: 'मूळ' गोष्ट कुठली धरायची?

'परीकथा आहेत तशाच राहू द्या, नव्याने कशाला लिहायच्या?' असं वर म्हटलंय. पण आहेत तशा म्हणजे कुठल्या? फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७च्या गोष्टीत लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला पोटातून बाहेर काढणारा शिकारी पुढे जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत येतो. हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ग्रिम बंधूंच्याच १८१२च्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, १८१९मध्ये सावत्र झाली!

मला नव्या कथांमध्ये आवडतं ते हे, की जिला कुणी बोलूच दिलं नव्हतं ती बोलायला लागते. आमच्या नाशकात तपोवनात लक्ष्मण शूर्पणखेचं नाक कापतोय असं शिल्प आहे. माझी भाची ते बघून एकच विचारत राहिली, 'मग ती घरी जाऊन काय म्हणाली?' असं विचारणाऱ्या मुलीला राणीच्या तोंडून सांगितलेली हिमगौरी जरूर वाचायला द्यावी.