पाळी चुकायच्या आधी घेतलेला हुर्राक, लेप्टोची गोळी, मोरी: कोणत्या आठवड्यात गर्भाचं काय बिघडतं?

सत्तरीची अंगणवाडी सेविका
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या गावात नवविवाहितांची बैठक घ्यायची आहे. "पहिले तीन महिने जपा" हे सगळ्यांना पाठ आहे, पण का ते कुणी सांगत नाही. चार प्रश्न हमखास येतात. दिवस राहिल्याचं कळायच्या आधी हुर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) घेतला असेल तर? लावणीच्या वेळी लेप्टोची (उंदरांच्या मुतातून चिखलात पसरणाऱ्या तापावरची) गोळी चालते का? फिटच्या गोळ्या बंद कराव्यात का? मोरी (लहान शार्क मासा) खावी का? तारखा धरून कुणी समजावेल का?

प्रसूतितज्ज्ञ, फोंडा
ताई, फळ्यावर एकच उदाहरण लिहा. शेवटची पाळी 1 मार्चला आली आणि चक्र 28 दिवसांचं आहे. गर्भधारणा साधारण 15 मार्चला होते, पाळी चुकते 29 मार्चला. आम्ही आठवडे 1 मार्चपासून मोजतो, त्यामुळे "सहा आठवडे" म्हणजे गर्भाचं खरं वय चारच आठवडे. इथेच गोंधळ होतो.

गर्भधारणेनंतरचे पहिले दोन आठवडे बहुतेक घातक पदार्थांच्या बाबतीत "सगळं किंवा काहीच नाही" असे असतात. इजा मोठी असेल तर गर्भ टिकत नाही, पाळी थोडी उशिरा येते. टिकला तर उरलेल्या पेशी भरपाई करतात, कारण कोणती पेशी कोणता अवयव होणार हे अजून ठरलेलं नसतं. तिसऱ्या आठवड्यापासून ते ठरायला लागतं. 6 एप्रिलच्या सुमारास हृदय धडधडू लागतं. 12 एप्रिलपर्यंत मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, बंद होते. ती खाली उघडी राहिली तर मणक्याचा दोष, वर उघडी राहिली तर कवटी आणि मेंदू घडतच नाहीत. म्हणजे पाळी चुकल्यावर हातात फक्त चौदा दिवस असतात, आणि बायका तपासणीला बहुधा त्यानंतर येतात. मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

दिवस किती नेमके असतात ते थॅलिडोमाइडने दाखवलं. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेलं हे झोपेचं औषध गरोदर बायकांच्या बाळांत व्यंग दिसल्याने 1961 मध्ये मागे घेतलं गेलं. आपल्या उदाहरणात त्याचा धोका साधारण 4 ते 20 एप्रिल. त्या दिवसांत हात, पाय, कान घडत असतात.

दारूचं वेगळं. मेंदू नऊही महिने वाढतो, म्हणून तिला सुरक्षित महिना नाही आणि सुरक्षित मात्राही नाही. मार्चच्या मध्यात कळायच्या आधी एकदा हुर्राक घेतला गेला असेल तर घाबरवू नका. आजपासून थांबायला सांगा आणि डॉक्टरांना खरं सांगायला सांगा. पण "हुर्राक हलका" हा समज मोडाच. हुर्राकात साधारण 15 टक्के अल्कोहोल धरलं तर 200 मिलिलिटरच्या ग्लासात 24 ग्रॅम होतं. 42.8 टक्क्यांच्या फेणीच्या 60 मिलिलिटर पेगमध्ये सुमारे 20 ग्रॅम. लिंबू-सोडा घातल्याने त्यात काही फरक पडत नाही.

फार्मासिस्ट, डिचोली
गोळ्यांचं मी सांगतो. वरचीच बाई जूनच्या मध्यात लावणीला उतरली तर पंधरा आठवडे भरलेले असतात. लेप्टोसाठी देतात ती डॉक्सिसायक्लिन चौथ्या महिन्यापासून बाळाच्या तयार होणाऱ्या दातांत कॅल्शियमबरोबर बसते, दात पिवळे-तपकिरी होतात. म्हणून गरोदर बाईने शेजारणीच्या पाकिटातली गोळी घेऊ नये. तिने चिखलात उतरणं टाळावं, आणि ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावं.

लावणीनंतर कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन सर्रास नेतात. 20 आठवड्यांनंतर, म्हणजे आपल्या उदाहरणात 19 जुलैनंतर, त्याने बाळाच्या मूत्रपिंडाचं काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या तिमाहीत हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी आकसते. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावी.

फिटची गोळी स्वतःहून कधीच बंद करू नका. अचानक थांबवली तर येणारी फिट आई आणि बाळ दोघांनाही महागात पडते. मात्र फिटवरची व्हॅल्प्रोएट गर्भात व्यंग करू शकते, म्हणून ती चालू असेल तर दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांकडे जा. लेव्हेटिरासेटाम किंवा लॅमोट्रिजिनवर हळूहळू बदल करता येतो. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन थांबवून किमान एक महिना जाऊ द्यावा. सोरायसिसची अ‍ॅसिट्रेटिन असेल तर तीन वर्षं, आणि त्या काळात दारू वर्ज्य, कारण दारूमुळे शरीरात तिचं रूपांतर खूप काळ टिकणाऱ्या पदार्थात होतं.

आहारतज्ज्ञ, मडगाव
मासे सोडायला सांगू नका, बाळाच्या मेंदूला ते हवेच असतात. तारले, बांगडे, सुंगटं (कोळंबी) आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खावीत. मोरीचं आंबट-तिख मात्र बाळंतपणानंतर. मोरी इतर मासे खाऊन बरीच वर्षं जगते, त्यामुळे तिच्यात मिथाइल पारा साठतो आणि तो वार (प्लासेंटा) ओलांडून बाळाच्या मेंदूत जातो. आईच्या अंगातला पारा निम्मा व्हायलाच दीड-दोन महिने लागतात, म्हणून दिवस राहण्याआधीच मोरी बंद केलेली बरी.

मशेरीचा प्रश्न कुणी उघड विचारणार नाही, तुम्हीच काढा. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं, वारेकडे जाणारं रक्त कमी होतं. बाळ कमी वजनाचं होतं, दिवस भरण्याआधी जन्मतं, कधी मृत जन्मतं.

सत्तरीची अंगणवाडी सेविका
आभार. मज्जानलिका नीट बंद व्हावी म्हणून घ्यायची फॉलिकची गोळी नेमकी कोणती सांगू? दुकानात 5 मिलिग्रॅमची मिळते.

प्रसूतितज्ज्ञ, फोंडा
साधारण बाईला रोज 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.4 मिलिग्रॅम, दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून बारा आठवड्यांपर्यंत. 5 मिलिग्रॅमची आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील तेव्हा, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी 180 दिवस. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. बैठकीत रुबेलाची लस झाली का तेही विचारा. राहिली असेल तर लग्नानंतर लगेच घ्यावी आणि पुढचा एक महिना दिवस राहू देऊ नयेत. गरोदरपणात ती देत नाहीत.