ओव्याची पुरचुंडी, जलनेती आणि 'मुळासकट' हा शब्द

रामबागकर:
निलगिरीची वाफ आठ दिवस घेतली की जुना सायनस मुळासकट जातो आणि डॉक्टर केवळ खिसा रिकामा करतात, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. ते वाचून गप्प बसवत नाही. सर्दीतून उद्भवणारा सायनसचा त्रास बहुधा विषाणूंमुळे होतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरतो. त्याचे श्रेय वाफेला कसे द्यायचे? जुनाट त्रासाच्या ८७१ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, म्हणजे जलनेतीचा, थोडा लाभ दिसला. वाफेने केवळ डोकेदुखी कमी झाली.

सुदामानगर:
तो सदस्य मीच. मागच्या हिवाळ्यात प्रतिजैविकांनी माझे पोट बिघडले, नाक होते तसेच राहिले. शेवटी सासूबाईंनी तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी हुंगायला दिली आणि त्या रात्री मला झोप लागली. माझे नाक मोकळे झाले की नाही, हे आता ब्रिटनला विचारायचे का?

रामबागकर:
आपल्याला आराम पडला, हे मी नाकारत नाही. परंतु वाटणे फसवे असू शकते. उदाहरणार्थ, पुदिन्यातील मेन्थॉल नाकातील गारवा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवते, त्यामुळे श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. आतील अडथळा मात्र तेवढाच असतो, हे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून 'वाटले' हा पुरावा पुरत नाही.

नारायणबाग:
जलनेती टिकली ना? मी रोज नळाच्या पाण्यानेच करतो.

रामबागकर:
कृपया तसे करू नका. २०११ साली अमेरिकेतील लुईझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोन जण नेग्लेरिया या अमीबाच्या संसर्गाने दगावले. पाणी उकळून, कोमट करूनच वापरावे.

नारायणबाग:
इंदुरात नळाला नर्मदेचे पाणी येते. ज्या माईची आपण परिक्रमा करतो, तिच्या पाण्याला आपण विषारी म्हणता? हे मला सहन होत नाही.

रामबागकर:
माईला मी काहीही म्हटलेले नाही. पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून नळांतून येते आणि घरच्या टाकीत साठते. ती टाकी आपण शेवटची कधी धुतली? हा अमीबा पाणी पिण्याने बाधत नाही, तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. असा संसर्ग फार विरळा आहे, पण त्यातून वाचणारेही विरळाच.

नारायणबाग:
उकळीन. आपला सूर मात्र मला आवडलेला नाही.

सुदामानगर:
मी ओवा सोडणार नाही.

रामबागकर:
सोडा असे मी म्हटलेच नाही. डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसणे अंधुक झाले, तर मात्र पुरचुंडी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. आणि 'मुळासकट' हा शब्द मागे घ्यावा.

सुदामानगर:
तो शब्द काढला आहे. खिशाबद्दलचे वाक्य तसेच राहील.