बर्तियाँची पद्धत हरली ती मापांमुळे की मोजणाऱ्यांमुळे?

मापाड्या:
पॅरिस पोलिसांतला कारकून आल्फाँस बर्तियाँ याला फसलेला संशोधक म्हणून गुंडाळून टाकतात, ते मला मान्य नाही. पॅरिस पोलिसांकडे कैद्यांचे फोटो ढिगाने होते, पण लावलेले नावाने. आरोपीने खोटं नाव सांगितलं की ढीग निरुपयोगी. १८८२ च्या अखेरीस बर्तियाँने कैद्यांची कार्डं शरीराच्या मापांवरून लावायला सुरुवात केली. डोक्याची लांबी, रुंदी, डावं मधलं बोट, डावं पाऊल आणि कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचं माप, म्हणजे आपला जुना 'हात'च. प्रत्येकाचे लहान, मध्यम, मोठा असे तीन गट. पाच मापांत २४३ कप्पे. १८८४ मध्ये २४१ सराईत ओळखले गेले. कल्पना पक्की होती, मोजणारे कच्चे निघाले.

शंखचक्र:
मोजणाऱ्यांवर ढकलून चालणार नाही, दोष पद्धतीतच होता. माप गटाच्या सीमेवर आलं की शेजारचा कप्पाही चाळावा लागतो. पाचही मापं सीमेवर असली तर ३२ कप्पे! आणि एक मिलिमीटर चुकायला काय लागतं? डोक्याचा कंपास जरा जास्त दाबला की झालं. पाऊल मोजताना डाव्या पायावर उभं करून गुडघा किंचित वाकवून घ्यावा लागतो, नाहीतर बोटं आखडतात. विशीच्या आतल्या पोरांची मापं तर वाढतच राहणार. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांनी हे सगळं अनुभवलं, म्हणूनच १८९७ मध्ये भारत सरकारने मापं सोडून बोटांचे ठसे स्वीकारले.

काचपट्टी:
दोघेही बर्तियाँचे फोटो विसरताय. समोरून एक, उजव्या बाजूने एक. दोन्ही ठरलेल्या अंतरावरून, एक-सप्तमांश आकारात. खुर्चीच अशी की बसणारा मागेपुढे सरकू नये. बाजूचा फोटो कानासाठी. चेहरा वेडावाकडा करता येतो, दाढी वाढवता येते, कानाचं काय करणार? ही जोडी आजही टिकून आहे.

मापाड्या:
कानाचं पटलं. पण शंखचक्र, हेन्रीचं दफ्तर तरी वेगळं काय होतं? दहा बोटांपैकी चक्र, म्हणजे ठशातल्या गोल फिरणाऱ्या रेषा, कुठे आहे नि कुठे नाही, यावरून १०२४ कप्पे. त्यामागचं गणित हेन्रीच्या हाताखालचे अझीझुल हक यांचं. विचार तोच, कप्प्यांचा.

शंखचक्र:
पण नाकाची लांबी घटनास्थळी मागे राहत नाही, ठसा राहतो. १९११ मध्ये मोनालिसा चोरीला गेली तेव्हा काचेवर डाव्या अंगठ्याचा ठसा मिळाला होता. चोर पेरुजिया याचे ठसे पॅरिस पोलिसांकडे आधीपासून होते. तरी जुळले नाहीत, कारण कार्डं लावलेली होती मापांवर!

मापाड्या:
हेन्रीच्या दफ्तरातही तो सापडला नसता. तिथे कप्पा ठरवायला दहाही बोटं लागतात. एकट्या अंगठ्यावरून शोधायला प्रत्येक बोटाचं स्वतंत्र दफ्तर हवं, आणि १९११ मध्ये ते पॅरिसलाही नव्हतं, कलकत्त्यालाही नव्हतं.